तीन पट्टे देवाचे, दोन खारीचे

आप्पा, त्या सोमवारी दुकानासमोर चारचौघांत तुम्ही "चुकलं माझं" म्हणालात, ते आता परत घ्या. तुम्ही घेणार नाही, ठाऊक आहे मला. दिलेला शब्द आणि तोललेला माल परत घ्यायची तुम्हाला सवयच नव्हती. आणि परत घ्यायला आता तुम्ही आहात तरी कुठे? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की लोह्यातलं आपलं भुसार मालाचं दुकान आता फारसं कुणाला आठवतही नाही. त्या जागी मोबाइलवाला बसतो आणि समोरचा लिंब रस्ता रुंद करताना गेला. मी हे लातूरहून लिहिते आहे, कॉलेजातल्या माझ्या टेबलावर बसून. समोरच्या भिंतीवर एक नकाशा लावला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. सांगायचं आहे ते एवढंच की तुमचं तेव्हा चुकलं नव्हतं. माझंही बरोबर होतं आणि तुमचंही. ही एवढीशी गोष्ट कळायला मला जवळजवळ अख्खी नोकरी लागली, आणि कळल्यापासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं मला झालं आहे.

तुमची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. अंघोळ झाली की ओल्या अंगानं देवघरात बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, मग विभूतीच्या गोळ्यावर पाण्याचा थेंब टाकून तीन बोटं घासायची आणि कपाळावर आडवी ओढायची. आरसा तुम्ही कधी बघितला नाही. तरी तीन रेघा इतक्या सरळ यायच्या की आई म्हणायची, "ह्यांच्या कपाळावर देवच पट्टी धरून बसतोय." मग माझा नंबर. तुमच्या बोटांचा तो गार, खरखरीत स्पर्श कपाळावर घेऊन मी शाळेत जायचे. आणि शाळेतली मुलं जेव्हा म्हणायची की खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, सेतू बांधताना उठलेली, तेव्हा मी भांडायचे. आपल्या घरात गोष्ट वेगळी होती ना! बेलाच्या झाडावरची एक खार रोज एक पान आणून पिंडीवर टाकायची. पुजाऱ्यानं तिला एकदा काठी उगारून हाकललं. तेव्हा महादेवानं विभूती लावलेली तीन बोटं तिच्या पाठीवरून फिरवली आणि सांगितलं, आता हिला कुणी हाकलायचं नाही, ही आपली आहे. ही गोष्ट तुम्ही कुठून आणली होती कोण जाणे. मी पुढे किती जणांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हती. पण तिच्यापायी आपल्या दुकानात खारींना मोकळं रान होतं. शेंगांची पोती त्या खुशाल उसवायच्या आणि तुम्ही गल्ल्यावरून नुसते बघत बसायचात. आई चिडली की म्हणायचात, "आपल्यातली हाय ती. खाऊ दे."

तो सोमवार उन्हाळ्यातला. सोमवारी आपल्याकडे स्वामी यायचे, म्हणजे आपले जंगम गुरू. ओट्यावर सतरंजी अंथरली जायची, पलीकडचे कापडवाले काका चहाच्या वेळेला हमखास हजर, आणखी दोघं-तिघं जमायचे. कापडवाले रामाच्या बाजूचे. त्यामुळे खार दिसली की तुमची दोघांची जुंपायची, पण हसत हसत. त्या दिवशीही लिंबावरून एक खाली उतरली आणि काका म्हणाले, "आप्पा, विभूती आडवी असतीय. हिचे पट्टे तर उभे हायेत." तुम्ही तयारच. "देवानं पाठीवरून हात फिरवलाय, कपाळावरून न्हाई. पर बोटं तीनच. मोजून बघा." आणि मी, चौथीतली पोर, दाराच्या चौकटीला टेकून उभी, पटकन बोलून गेले, "पण आप्पा, पाच हायेत."

स्वामींनी कप खाली ठेवला. तुमचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. "मोठ्यांच्या मधी तोंड घालू न्हाई," तुम्ही म्हणालात, "आणि मोजता येत न्हाई तर गप ऱ्हावं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी तरातरा घरात गेले आणि चुलीशेजारी ज्वारीच्या कोठीला टेकून बसले. आई भाकरी थापत होती. तिच्या कानावर सगळं आलंच होतं. "स्वामींच्या म्होरं बापाला खोटं पाडतीस व्हय गं?" ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली. मी रडत होते, पण मनातल्या मनात पाच पाचच म्हणत होते. हट्टीपणा तुमच्याकडूनच आलेला.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही ताटावर बसलात. शेंगाची चटणी, भाकरी, वरून तेल. दोन घास खाल्लेत आणि वर न बघता विचारलंत, "कुठं मोजलीस?"

"दुकानामागं. पोत्यावर बसली हुती."

"किती डाव?"

"लई डाव."

"सावलीत का उन्हात?"

"उन्हात," मी म्हणाले. तुम्ही "हूं" म्हणालात आणि भाकरी मोडलीत. तुमच्या धंद्यात हा प्रश्न फार मोठा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तूर घ्यायची तर पोत्याच्या तोंडाशी जे दिसतं त्याला तुम्ही हात लावायचा नाहीत. मधून, बुडातून मूठभर काढायची, ओट्याच्या कडेला उन्हात जायचं, तळहातावर पसरायची, फुंकर मारायची, मग बोटानं एकेक दाणा बाजूला. घाईला आलेला शेतकरी म्हणायचा, "आप्पा, माल एक नंबर हाय, बघता काय?" आणि तुम्ही म्हणायचात, "सावलीत समदाच माल चांगला दिसतोय गड्या." माझ्या एम.एस्सी.च्या सरांनी नमुने कसे तपासायचे ते शिकवलं तेव्हा मला नवं असं काही वाटलंच नाही. मी ते ओट्यावर शिकून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला शाळेत जाऊ दिलं नाहीत. ओट्यावर ऊन आलं तिथे फुटक्या शेंगांची रास ठेवलीत आणि आपण दोघं दाराआड बसलो. एक गिऱ्हाईक येतं, "आप्पा, किलोभर डाळ," म्हणतं.

"थांब जरा. मोजायलोय."

"काय मोजताव?"

"खार."

तो बिचारा तिथेच उभा राहतो, आणि मग तोही वाकून बघायला लागतो. खार येते. आधी तोंड आपल्याकडे, मग शेपूट उडवत वळते, आणि ऊन बरोबर तिच्या कुशीवर पडतं. पाठीवरचे तीन पट्टे ठळक, पांढुरके. आणि त्यांच्या खाली, दोन्ही कुशींवर, एकेक फिकट. सावलीत असती तर दिसलेही नसते. तुम्ही मला पुन्हा मोजायला लावता, मोठ्यानं. ती पळते, दुसरी येते, तिचीही पाठ आपण मोजतो. मग तुम्ही बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या तीन बोटांकडे बघत बसता. मला वाटलं, विभूती राहिली की काय ते बघताय. डाळवाल्याची डाळ शेवटी आईनं बाहेर येऊन तोलली.

पुढच्या सोमवारी तीच सतरंजी, तेच लोक. मी घरात दडून बसलेली. तुम्ही हाक मारलीत, मला शेजारी उभं केलंत, आणि स्वामींकडे बघून म्हणालात, "चुकलं माझं. पोरीचं बरोबर हाय. पाच हायेत, म्या सवता उन्हात बघितले." आप्पा, त्या काळात, त्या गावात, गुरूंच्या पुढ्यात, एका पोरीसाठी! मी पुढे मोठमोठी माणसं पाहिली. स्वतःच्या पुस्तकातली चूक दाखवली तर वर्षभर बोलत नाहीत असे विद्वान पाहिले. कुणाच्याही तोंडून तो शब्द मी इतका सरळ निघालेला ऐकला नाही. कापडवाले काका काय सोडतात! "मग महादेवाला बोटं पाच फुटली म्हणायची का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "तीन देवाचे. दोन तिचे सवताचे." स्वामी इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि तुम्ही गल्ल्यातून तुमचं भिंग काढलंत, ज्यातून तुम्ही दाण्याला कीड आहे का ते बघायचात, आणि माझ्या हातात दिलंत. "घे. माझ्याहून तुलाच कामाला येतंय." आतून आई म्हणाली, "चढवा अजून डोक्यावर." पण त्या रात्री माझ्या भाकरीवर तूप जरा जास्तच होतं.

ते भिंग अजून माझ्याजवळ आहे. बी.एस्सी.ला मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, "खार हाय का त्यात?" सुट्टीला आले की मी तुम्हाला शिकवायचे. खार ही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली, म्हणजे उंदरांच्या मोठ्या घराण्यातली, हे ऐकून तुम्ही जरा नाराज झालात. "विभूती लावलेली, आणि उंदराची भाऊबंद?" मग स्वतःच म्हणालात, "असू दे. भाऊबंद कुणाला निवडून घेता येतंय?" ह्या पट्टेवाल्या खारींच्या शास्त्रातल्या नावाचा अर्थ दोरीवर चालणारी असा होतो हे मात्र तुम्हाला फार आवडलं. गिऱ्हाइकांना सांगत सुटलात. मी पुढे शिकायला औरंगाबादला गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. पट्टेवाल्या खारी एकाहून जास्त जातींच्या आहेत हे मला त्यानंतर कळलं.

उत्तरेकडची पाच पट्ट्यांची, दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची. दोघी एकाच कुळातल्या, एकाच वंशातल्या, पण जाती वेगळ्या. वाचलं तेव्हा मला तुमची आठवण आली, पण दक्षिण म्हणजे मला तेव्हा मद्रासच वाटायचं. आपला काही संबंध नाही असं समजून मी पान उलटलं. नोकरीला लातूरला आले तेव्हा मुलांना शिकवताना एकदा विचारलं, आपल्याकडे कोणती? अर्धा वर्ग म्हणाला तीन, अर्धा म्हणाला पाच. पुस्तकात बघावं तर आपला भाग दोघींच्या मधोमध, आणि कोण कुठवर आहे ते गावागणिक कुणी बघितलेलं मला सापडेना. तिथून मी मागे लागले. सहकारी हसायचे. "मॅडम, शेकरू तरी घ्या. राज्याचा प्राणी आहे. कुंपणावरच्या खारीवर कुणी काम करतं का?" मी म्हणायचे, शेकरू बघायला सह्याद्रीत जावं लागतं, माझी खार इथे माझ्या खिडकीत बसते आणि तिचंच मला काही माहीत नाही.

आप्पा, हे काम किती मजेचं होतं ते तुम्हाला सांगायला हवं होतं. सुरुवातीला मला वाटलं, गावोगाव जाऊन विचारलं की झालं. लोहा, नायगाव, मग खाली रेणापूर, मग उदगीरकडे. पण विचारून काही उपयोगच नाही! सगळीकडे उत्तर एकच, तीन. रेणापुरात पारावर एक आजोबा बसले होते. "तीन गं बाई! रामाची बोटं न्हाईत का?" असं ते म्हणत असताना त्यांच्या मागच्या फांदीवरच पाच पट्ट्यांची बसली होती. दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "मग ही येगळी आसंल." लोक देवाची बोटं मोजतात, खारीची पाठ कुणी मोजत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तुम्ही काय केलं होतंत. गोष्ट तुमचीच, देव तुमचाच, आणि तरी तुम्ही दाराआड बसून पाठ मोजलीत.

मग विचारणं बंद केलं. मुलांना सांगितलं, उन्हात दिसली तरच मोजणीत धरायची, दोन्ही कुशी दिसल्या तरच धरायची, आणि एकीवर भागवायचं नाही. लोह्याकडे, नायगावकडे आम्हाला पाचवाल्याच मिळाल्या. रेणापुराच्या खाली कुठे पाच, कुठे तीन, एका वडावर तर दोघीही. आणि उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला लागून, तुमच्या गावाकडे आम्ही गेल्या हिवाळ्यात गेलो. तुमचं गाव मला लग्नकार्यापुरतंच माहीत. तुम्ही धंद्यासाठी तिथून लोह्याला आलात ते पोरवयात, आणि नंतर गावाचा विषय फारसा काढला नाहीत. विहिरीजवळची ती चिंच तुम्हाला आठवत असेल. तिच्यावरून एक खार उतरली आणि दगडी गडग्यावर उन्हाला बसली. माझ्याबरोबरचा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, तीन." मी म्हणाले, "दुसरी बाजू बघ." ती वळली. "तीनच." मी दुर्बीण घेतली. कूस कोरी होती, आप्पा. फिकट नाही, पुसट नाही, काहीच नाही. मग दुसरी पाहिली, मग विहिरीपलीकडच्या लिंबावरची. शेवटी मी दुर्बीण त्या मुलाकडे दिली आणि त्याला मोठ्यानं मोजायला लावलं.

आत्या अजून त्याच घरात आहे, तुमची धाकटी बहीण. दिसतं कमी, पण कान तिखट आहेत. मी कशाला आले ते ऐकून ती हसायलाच लागली. "अळिलू बघाया आलीस व्हय?" तिकडे खारीला कानडीतलं अळिलूच म्हणतात. "तुझ्या बापानं पाळली हुती की एक. घरट्यातून पडल्यालं पिल्लू हुतं. दुधात कापूस बुडवून पाजायचा, सदऱ्याच्या खिशात घालून हिंडायचा. आमचे आप्पा, म्हंजी तुझे आजोबा, पूजेला बसले की ह्यो बाजूला बसणार, आणि विभूतीची बोटं आधी त्या पिल्लाच्या पाठीवर ओढणार. म्हणायचा, बग गं, माझी तीन बोटं कशी बराबर बसतेत तिच्या पट्ट्यावर."

मी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग मला दाराआडची ती सकाळ आठवली आणि तुम्ही बोटांकडे का बघत होता ते कळलं. तुम्ही ती गोष्ट कुठूनही आणली नव्हती. ती तुमच्या हाताची होती. तीन आहेत हे तुम्ही कुणाकडून ऐकलं नव्हतंत, रोज बोटांनी वाचलं होतंत. "म्या लहानपणी पाळली हुती, मला नगं शिकवू," एवढं म्हणाला असतात तर विषय तिथेच संपला असता आणि मी जन्मभर गप्प बसले असते. तुम्ही ते काढलंच नाहीत. समोर उन्हात जे दिसलं ते मानलंत, स्वतःच्या बोटांचं सोडून दिलंत, आणि कमीपणा घेतलात तो माझ्यासाठी. मला आयुष्यात अभिमान वाटावा असं थोडंफार घडलं आहे. पण त्या ओसरीवर बसून मला तुमचा जो अभिमान वाटला, तो छातीत मावेना. आत्याला वाटलं मी रडते आहे. रडतही होते.

नांदेडला परिषद होती, तिथे मी हे सगळं मांडलं. कुणीतरी विचारलं, सगळं सोडून शिवेवरच्या त्या आडबाजूच्या गावी तुम्ही गेलात कशा? मी म्हणाले, "माझ्या वडिलांचं गाव. खारीला पट्टे तीन असतात असं ते सांगायचे. त्यांचं बरोबर होतं." सभागृह भरलेलं होतं. ओट्यावर होते त्यापेक्षा पुष्कळ जास्त लोक होते. विचारणाऱ्यानं मान हलवून लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न आला. मला पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही.

वर्गात मी अजूनही आधी तुमची बेलाच्या पानाची गोष्ट सांगते, मग शास्त्र. मुलं विचारतात, मग पाचवालीचे ते जास्तीचे दोन कुठून आले? शास्त्राचं उत्तर मी नंतर देते. आधी म्हणते, तीन देवाचे, दोन तिचे स्वतःचे. मुली ह्यावर जास्त हसतात आणि मला ते आवडतं.

हे पत्र कुठे टाकायचं? लोह्याला तुमच्या समाधीवर जाऊन वाचावं असं मनात आलं होतं, पण मधेच आवाज फुटेल, आणि तुम्हाला ते आवडायचं नाही. भिंगाच्या डबीत घडी घालून ठेवते. आता नकाशाचं. त्यावर पाचवालीचे ठिपके काळे आहेत, तीनवालीचे तांबडे, आणि सगळे ठिपके एकाच मापाचे असायला हवेत असा नियम आहे, तो मीच मुलांना शिकवते. तुमच्या गावचा ठिपका मी जरासा मोठा काढला आहे. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.